तीस अक्षरांत माणूस

तिने तो बोलता बोलताच चिकटवला. लाल कागदाचा, बटणाएवढा ठिपका बोटाच्या टोकावर घेतला, संगणकाच्या पडद्यावरच्या पट्टीवर दाबला आणि तोंडातलं वाक्य न तोडता बॉयलरकडे वळली. आम्ही ज्या रुग्णालयाच्या चादरी धुतो तिथून ती तपासणीला आली होती. चालेल त्याला हिरवा ठिपका, हलवायचं त्याला लाल. सकाळपासून ती माझ्या धुलाईखान्यात ठिपके वाटत फिरत होती आणि मी तिच्या मागे, हात पाठीशी बांधून, पाहुणीला घर दाखवावं तशी. धुण्याचं मोठं पिंप माझ्या मुलाच्या लग्नाच्याही आधीचं, त्याला हिरवा. इस्त्रीच्या टेबलाचा एक पाय जळका, त्याला हिरवा. भिंतीवरचं घड्याळ आठवड्यातून दोनदा झोपतं, त्यालासुद्धा हिरवा. आणि सव्वीस वर्षांत ज्याने एक रुमाल हरवू दिला नाही त्याला लाल. मी विचारलं, हा का. ती म्हणाली, "कालबाह्य आहे, आजी." शब्द मला कळला. मी चौथीपर्यंत शिकले आहे आणि पुढचं ऐकून ऐकून शिकले आहे. कळला म्हणूनच लागला. आणि आजी कोणाची? माझी एकच नात आहे, आणि ती मला विचारल्याशिवाय माझ्या वस्तूंना हात लावत नाही.

जाताना तिने एक छापील कागद काउंटरवर ठेवला. रुग्णालयाने एक नवीन सिस्टीम मंजूर केली आहे, ती महिन्याच्या भाड्याने घ्यायची, जुनी काढून टाकायची, खाली सही करायची. पाच वाजता ती कागद न्यायला येणार होती. सही नसेल तर पुढच्या पहिल्या तारखेपासून चादरी दुसरीकडे. हे सगळं तिने गोड आवाजात सांगितलं. गोड आवाजाची माणसं मी ओळखते. कपड्यावरचा डाग दाखवला की हीच म्हणतात की आधी नव्हता.

सून तेव्हा चष्मेवाल्याकडे गेली होती. त्याचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला, तो सकाळपासून अडून बसला होता आणि हिला त्याने घाईने बोलावून नेलं होतं. मुलगा बॉयलरपाशी होता. त्याला मी कागद दाखवला तर त्याने हात फडक्याला पुसले, वाचला, आणि म्हणाला, तुम्ही दोघी ठरवा. हे वाक्य त्याने लग्न झाल्यापासून जपून ठेवलं आहे. मग मी काउंटरच्या मागे माझ्या उंच स्टुलावर बसले. समोर काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, वर लाल ठिपका. मी दुसरीकडे पाहिलं की तो माझ्याकडे पाहायचा. शाळेत असताना गुरुजींनी माझ्या पाटीवर अशीच एकदा खडूने फुली मारली होती, उत्तर बरोबर असताना, कारण रीत चुकली होती. उत्तर बरोबर होतं ना, असं मी म्हणाले होते आणि मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. ती फुली मी घरी जाईपर्यंत पुसली नाही. पाटी छातीशी उलटी धरली होती, पाऊलवाटेने चालताना फ्रॉकवर पांढरं उमटलं. आज साठ वर्षांनी त्या ठिपक्यात मला तीच फुली दिसली आणि मला राग आला तो त्या बाईचा नाही, ती फुली मला अजून आठवते याचा.

सून घरात आली तेव्हा तिच्याबरोबर दोन पेट्या कपडे, एक पंखा आणि डेटाबेसची एक भाषा आली होती. सहा महिन्यांच्या क्लासमध्ये शिकलेली. ती भाषा तेव्हाच उतरणीला लागली होती. क्लासवाल्याने फी कमी केली म्हणून हिच्या वडिलांनी हिला तिथे घातलं होतं. मी म्हटलं, वा, मुलगी शिळी विद्या घेऊन आली. तिने ऐकून घेतलं. ऐकून घेते आणि विसरत नाही, अशी ती बाई आहे. आठ दिवसांनी तिने मला विचारलं, की आई, हे टाके काय आहेत?

टाके माझे. मला लिहायला वेळ लागायचा म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला आतल्या शिवणीत दोऱ्याची खूण घालायची. दोन लाल उभे, एक निळा तिरका. तीन हिरवे आणि गाठ. सात रंगांचे दोरे आणि चार तऱ्हेचे टाके, एवढ्यात मी अख्खी वस्ती बसवली होती. कोणती खूण कोणाची हे फक्त माझ्या डोक्यात. मला ताप आला की दुकान बंद. सूनबाई जुन्या बाजारातून उचललेला एक संगणक घेऊन माझ्या शेजारी बसली आणि सलग नऊ दिवस विचारत राहिली. लाल दोन आणि निळा एक म्हणजे कोण? मी सांगायची, ती टाइप करायची. नाव काय? नाव मला कुठे ठाऊक असायला. मी म्हणायची, तो नाही का, कॉलरला शाई लागलेली असते, नेहमी घाईत, मिशीवाला. ती म्हणाली, आई, रकाना तीस अक्षरांचा आहे, तीस अक्षरांत माणूस बसवा. मग मी माणसं तीस अक्षरांत बसवायला शिकले. शाई, घाई, मिशी. दोघी बहिणी, कोट एकच. पिवळं दार, कुत्रा चावतो. नवरा गेला, सदरे आणते अजून. त्या नऊ दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं, की मला जे येतं ते येण्यासारखं काहीतरी आहे. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. मी म्हटलं, तुझ्या त्या रकान्याने माझं एक अक्षर खाल्लं.

पुढे लोक यायला लागले. पहिला दात बनवणारा. कवळीचं माप, दाताचा रंग, कोणत्या डॉक्टरचं काम, हे सगळं तो वहीत लिहायचा आणि वही भिजली की दात चुकीच्या तोंडात जायचे. मोठ्या कंपन्यांनी त्याला जी किंमत सांगितली होती तेवढ्यात त्याने दुसरं दुकान काढलं असतं. सुनेने दोन आठवड्यांत करून दिलं, एकदाच पैसे घेतले, आणि नंतर जाईल तेव्हा चहावर काम. मग चष्मेवाला, मग बुकबाइंडर, मग सायकलींचे सुटे भाग विकणाऱ्या बापलेकी. सगळे असे, ज्यांना मोठ्या कंपन्यांच्या दारात कोणी खुर्ची देत नाही. ती त्यांच्याकडे जायची आणि आधी तीन दिवस नुसती बसायची. बुकबाइंडर मला म्हणाला, तुमची सून कामाला आली की बघायला आली तेच कळेना. मी म्हटलं, ती माझ्याकडेही अशीच बसली होती, आणि बघा माझं काय झालं. ती भाषा बनवणाऱ्यांनी पुढे ती सोडून दिली. नव्या संगणकांवर ती चालेना, तेव्हा हिने नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचं सोंग वठवणारं काहीतरी बसवलं आणि जुनी भाषा आपली आत बसून काम करत राहिली, तिला बाहेर काळ बदलल्याचा पत्ताही नाही. मला ते फार आवडलं होतं. मीही साधारण तशीच जगते.

आणि मग रुग्णालय. त्याला आता दहा वर्षं झाली. नऊ वॉर्ड, रोज गाडीभर चादरी, अकरा बायकांना वर्षभर काम. अट एकच होती, त्याच छपराखाली घरगुती कपडे चालणार नाहीत. सून म्हणाली होती, आई, ही घरं आपली आहेत, चादरी आपल्या नाहीत. मी म्हटलं, घरं काय पोटाला बांधायची आहेत? मी त्या वेळी फार ताठ होते. ताठ म्हणजे, घाबरले की होते तशी. महिनाभर गिऱ्हाइकांना परत पाठवत होते, कपड्यांच्या घड्या त्यांच्या हातात ठेवत होते, आणि ती नवरा गेलेली बाई काउंटरपाशी उभी राहून म्हणाली होती, की मग आता सदरे कुठे नेऊ. मी तिला पलीकडच्या रस्त्यावरचं दुकान सांगितलं. ती गेली नाही. उभी राहिली. मग गेली. त्या संध्याकाळी मी सुनेला सांगितलं, साफ कर ती फाईल. तिने विचारलं, सगळी? मी म्हटलं, सगळी, माझ्या डोळ्यासमोर नको. तिने काहीतरी टाइप केलं, पडदा लुकलुकला, आणि पाठमोरीच म्हणाली, झालं. त्यानंतर आमच्यात त्या फायलीचं नाव निघालं नाही. दोऱ्यांचा डबा मी माळ्यावर टाकला. चादरींना खूण लागत नाही; सगळ्यांवर एकच शिक्का. कोणाची चादर म्हणून विचारायची सोय नाही. दहा वर्षं मी मालक नसलेले कपडे धुते आहे आणि मला वाटत होतं की थकवा वयाचा आहे.

दुपारी नात आली. तिला तिच्या आईने फोन केला असणार. ती एका काचेच्या इमारतीत मोठ्या पगारावर हेच काम करते, फक्त ती कोणाकडे तीन दिवस नुसती बसत नाही. मागोमाग सून चष्मेवाल्याकडून परतली, केस वाऱ्याने विस्कटलेले. तिने ठिपका पाहिला, कागद वाचला, पर्स खुंटीला लावली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिथे काही हललं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. म्हणाली, "सही करून टाका, आई. चष्मेवाला काही वेडा नाही, त्यानेही सकाळीच नवीन घेतलं. मला बोलावलं ते जुनं काढून द्यायला." एवढंच. बोलावणं आलं तेव्हा ती कसल्या घाईने गेली होती ते मला आठवलं.

नात समजुतीने बोलायला लागली. कंपनीने ते सोडून कितीतरी वर्षं झाली, आता त्याला कोणी वाली नाही, उद्या आईचं बोट मोडलं तर या प्रोग्रामला हात लावणारं माणूस मिळणार नाही. मी म्हटलं, तुझ्या त्या नव्या सिस्टीमचं बोट मोडलं तर मी कोणाच्या दारात बसू? ती म्हणाली, तिथे फोन करायचा. मी म्हटलं, आणि फोनवर कोण असतं? त्यावर ती हसली, कारण तिथे माणूस नसतं हे तिला ठाऊक आहे. मग म्हणाली, आजी, मी सगळं नव्यात हलवून देते, तुला काही करावं लागणार नाही. हे वाक्य मला आयुष्यात ज्या ज्या लोकांनी ऐकवलं त्यांनी नंतर माझी खुर्चीच उचलली. पण सुनेने मान हलवली होती, आणि तिची विद्या, तिने ठरवावं, असं मी मनात म्हणत होते आणि ते खरं नव्हतं. मला तिने भांडायला हवं होतं. माझ्याशी सव्वीस वर्षं न भांडता जिंकलेली बाई एका ठिपक्यापुढे पर्स खुंटीला लावून बसते, हे मला बघवत नव्हतं.

नात स्टुलावर बसली, फायली चाळायला लागली. अक्षरं भराभर वर सरकत होती. मग तिचा हात थांबला. "आई, गिऱ्हाईक म्हणून नऊच दिसतायत. नऊ वॉर्ड. मग फाईल एवढी जड कशी?" सून खुंटीकडे वळली. नातीने आणखी काहीतरी टाइप केलं. "मोजदाद अकराशे ब्याण्णव सांगते आहे. तू पॅक कधी केलंच नाहीस?"

मी विचारलं, म्हणजे काय? नात मला सांगायला लागली. या जुन्या भाषेत नोंद खोडली तरी ती जात नाही. तिच्यापुढे फक्त एक चांदणी बसते. चांदणीवाल्या दाखवू नकोस असं सांगून ठेवलं की त्या दिसत नाहीत, पण जागच्या जागी असतात. पॅक असा हुकूम वेगळा द्यावा लागतो, तेव्हा त्या खरोखर जातात, आणि शहाणी माणसं तो अधूनमधून देतात, नाहीतर फाईल फुगते. ती हे चांगलं शिकवणीसारखं सांगत होती आणि मध्येच थांबली, कारण तिने आईकडे पाहिलं. सून खुंटीपाशी उभी होती. चेहरा तोच, पण कान लाल झालेले.

"मी साफ कर म्हटलं होतं," मी म्हणाले.

"हो."

"तू झालं म्हणालीस."

"तुमच्या डोळ्यासमोर नको होते, आई. नव्हते. तेवढंच सांगितलं होतंत तुम्ही."

दहा वर्षं. रोज सकाळी ती माझ्या आधी येऊन हे यंत्र चालू करायची आणि त्याच्या पोटात माझी अख्खी वस्ती लपलेली असायची, आणि माझ्यासमोर बसून ही बाई चहा प्यायची. घरात माझ्या शब्दाबाहेर पान हलत नाही असं मी चारचौघांत सांगत आले. मला संताप यायला हवा होता. मी तो शोधत राहिले, जसा खिशात रुमाल शोधावा, आणि हाताला भलतंच काही लागलं. मी म्हटलं, दाखव.

तिने लेकीला उठवलं. एक ओळ टाइप केली, मग दुसरी. पडदा क्षणभर काळा झाला आणि ओळी यायला लागल्या, खालून वर, प्रत्येकीच्या आधी एक चांदणी. मला वाचायला वेळ लागतो. मी म्हटलं, हळू. तिने ओळी थांबवल्या. लाल दोन, निळा तिरका एक: शाई, घाई, मिशी. मी बोट पडद्यावर टेकवून वाचत होते आणि कोणी मला घाई करत नव्हतं. दोघी बहिणी, कोट एकच. शिंपी, स्वतःचे कपडे फाटके. बटण तोडून आणतो, आम्हाला विचारतो. पिवळं दार, कुत्रा चावतो. नवरा गेला, सदरे आणते अजून. अक्षरं माझी नव्हती पण ऐकू माझाच आवाज येत होता, पन्नाशीच्या आतला, बोचरा, कामात असलेला. त्या बाईच्या ओळीवर माझं बोट बराच वेळ राहिलं. पडद्याला वाफेने आलेला दमटपणा होता आणि बोट उचललं तेव्हा तिथे माझा ठसा उरला, चांदणीच्या शेजारी.

इस्त्रीवाली केव्हा मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. माझ्याकडे एकवीस वर्षं आहे, तिच्या हातातली घडी कधी सुटत नाही. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिला विचारलं, की सही केली नाही, चादरी गेल्या आणि घरोघरचे कपडे पुन्हा घेतले, तर काही महिने हात आखडता राहील, तुम्ही अकराजणी काय म्हणाल? ती म्हणाली, बाकीच्यांचं त्यांना विचारा. मग हातातली चादर टेबलावर टाकून म्हणाली, "चादर डोळे मिटूनही होते, बाई. दहा वर्षं झाली, मला एक कॉलर द्या." बाकीच्यांना तिनेच विचारलं. दोघी नाही म्हणाल्या, त्यांचंही खरं होतं, एकीच्या घरात आजारी माणूस आहे. महिनाअखेरपर्यंत काम आहे, तोवर तिला दात बनवणाऱ्याकडे लावून देईन असं मी सांगितलं. तो आमच्या शब्दाबाहेर नाही. त्याचे दात आमच्या ताब्यात आहेत. दुसरी रुसून बसली ती बसलीच.

नात म्हणाली, आजी, नीट विचार कर, हे धंद्याचं आहे, मानापमानाचं नाही. मी म्हटलं, धंदा तूच कर मानाशिवाय, तुझ्याकडे काच आहे. बोलल्यावर वाईट वाटलं. ती आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती आणि थोड्या वेळाने मी ऐकलं, ती विचारत होती, की तिरका टाका तू कसा लिहिलायस गं?

पाचला ठिपकेवाली आली. वक्तशीर बाई, तेवढं मान्य. तिने कागद उचलला, सहीची जागा रिकामी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. गोड आवाजात म्हणाली, पेन देऊ का? मी म्हटलं, नको, थांबा. मी स्टुलावरून उतरले, पडद्यावरच्या पट्टीवरून तो लाल ठिपका नखाने उचकटला. सहज निघाला, त्यांचा डिंकही हलका. तिच्या हातातला कागद मी काउंटरवर सपाट केला, हाताने इस्त्री केल्यासारखा, आणि सहीच्या ओळीवर ठिपका दाबला.

"हलवायचं त्याला लाल, असंच सांगितलंत ना सकाळी," मी म्हटलं. "न्या."

तिला समजायला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, आजी, तुम्ही एवढं काम एका मेलेल्या प्रोग्रामसाठी सोडताय. मेलेलं काय असतं ते मला तिच्याहून जास्त ठाऊक आहे. नवरा पोहोचवला, बहीण पोहोचवली. मेलेलं माणूस दहा वर्षं कोणाला लपवून ठेवत नाही. ती गेली. दारातून वळून तिने घड्याळाकडे पाहिलं, ते झोपलं होतं.

"बोलव त्यांना," मी सुनेला म्हणाले.

"सगळ्यांना?" तिने विचारलं. तोच शब्द, तोच आवाज, फक्त या वेळी पाठमोरी नव्हती.

"सगळ्यांना. काही मेले असतील, काही घर सोडून गेले असतील. पण निम्मे तरी कपडे मळवत असतील."

तिने रिकॉल, म्हणजे परत बोलाव, असं टाइप केलं, आणखी एक शब्द, आणि बोट शेवटच्या कळीवर ठेवून थांबली. माझ्याकडे पाहत होती. मला कळलं की ती मी दाबावी म्हणून थांबली आहे. मी दाबली. पडद्यावरच्या चांदण्या गेल्या, एकदम, आवाज न करता, आणि ओळी तशाच राहिल्या. मी म्हटलं, जेवणाचं बघ आता, की तेही मीच करू? मुलगा माळ्यावरून दोऱ्यांचा डबा काढत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छापलेली यादी घेऊन एकटीच निघाले. पहिल्या तारखेपासून कपडे घेणार, एवढंच सांगायचं होतं. सुरुवात मुद्दाम कठीण घरापासून केली, म्हणजे पुढची सोपी जातात. पिवळं दार काही सापडेना. दोनदा गल्ली घातली. शेवटी जिना ओळखला, पायरीचा कोपरा तुटलेला, आणि घंटा वाजवली. दार उघडलं तशी आतून भुंकत काहीतरी आलं आणि पोटरीला झोंबलं. मालकीण ओरडत धावत आली, मला पाहून थबकली, आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, दहा वर्षं कुठे होतात, बाई? पलीकडचा माझ्या पडद्यांचे पोतेरे करतो.

परत आले तेव्हा सून पडद्यासमोर बसली होती. तिने पोटरीकडे पाहिलं, कापूस आणायला उठली. मी म्हटलं, तो नंतर, आधी लिही.

"दार हिरवं. कुत्रा दुसरा. चावतो."

तिने अक्षरं मोजली. बसत होती.